लुर्द येथील वेळेची विनंती

फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्येस, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी लुर्द हे लहानसे नगर वसले आहे. १८५८ सालच्या दर्शनांमुळे हे नाव आपल्या घराघरांत परिचित आहे. तेथील गुहेचे व झऱ्याचे वर्णन वाचकांनी पुष्कळदा वाचले असेल. म्हणून आज आम्ही तेथील एका साध्या गोष्टीविषयी लिहीत आहोत. घड्याळातील वेळ सांगून कोणास काही विनंती करावयाची झाल्यास ती फ्रेंच भाषेत कशी करतात?

यात्रेकरूस ही गरज पावलोपावली पडते. पहाटेची आगगाडी गाठावयाची असते, आजारी सोबत्यास गुहेपाशी न्यावयाचे असते. अशा वेळी आपण दुसऱ्याच्या दिवसातील थोडा भाग मागत असतो. उतारगृहातील बाईंनी आपणांस सहाला उठवावयाचे, म्हणजे त्यांनी आपल्या आधी उठावयाचे!

फ्रेंच माणूस प्रथमच कामाचे बोलत नाही. दिवसा ‘बोंझूर, मादाम’ आणि सायंकाळी ‘बोंस्वार, मादाम’ असे अभिवादन आधी व्हावे लागते. ते गाळणे तेथे उद्धटपणाचे मानतात. मग विनंती येते : ‘पुरिए-व्हू म रेव्हेये आ सीझर, सिल व्हू प्ले?’ म्हणजे, ‘मला सहा वाजता उठवू शकाल का?’ ‘पुव्हे-व्हू’ म्हटले तरी अर्थ कळतो. पण ‘पुरिए’ या रूपात ‘जमण्यासारखे असल्यास’ असा मऊपणा आहे. ‘सिल व्हू प्ले’ याचा शब्दशः अर्थ ‘आपणांस रुचल्यास’. आपणही ‘पाणी द्या’ न म्हणता ‘पाणी द्याल का?’ म्हणतो, तसेच हे.

स्नेही किंवा घरचे माणूस असेल तर ‘व्हू’ जाऊन ‘त्यु’ येते. जणू ‘अहो’चे ‘अरे’ झाले. ‘त्यु पुरे मातांद्र व्हेर वीतर, सिल त प्ले?’ म्हणजे, ‘आठच्या सुमारास माझ्यासाठी थांबशील का?’ येथे ध्यानात घ्यावे की सलगी वाढली तरी ‘सिल त प्ले’ सुटत नाही. हक्काच्या माणसाचाही वेळ त्याचाच असतो.

वेळ सांगण्याची रीत आपणांस परकी वाटत नाही. ‘सीझर ए दमी’ म्हणजे सहा आणि अर्धा, अर्थात साडेसहा. ‘सेतर म्वँ ल कार’ म्हणजे सातास पाव कमी, आपले पावणेसात. मात्र आगगाडीच्या व कार्यक्रमांच्या फलकांवर चोवीस तासांची मोजणी असते. एप्रिल ते ऑक्टोबर या यात्राकाळात मेणबत्त्यांची मिरवणूक रात्री ९ वाजता निघते. फलकावर तेथे २१ हा आकडा दिसतो. बोलताना घोटाळा नको म्हणून सकाळसाठी ‘द्यु मातँ’ व सायंकाळसाठी ‘द्यु स्वार’ हे शब्द जोडावेत. ज्यास उठावयाचे आहे, त्यास वेळ नेमकी सांगणे हाही विनयच होय.

दिवस मोजण्यातही आपले साम्य आहे. आठवड्यास फ्रेंच लोक ‘वी झूर’, आठ दिवस म्हणतात, आणि दोन आठवड्यांस ‘कँझ झूर’, पंधरा दिवस. हे ऐकून आम्हांस १८ फेब्रुवारी १८५८ या दिवसाचे स्मरण झाले. त्या दिवशी मासाबिएलच्या गुहेत दर्शन देणाऱ्या स्त्रीने चौदा वर्षांच्या बर्नादेतला विचारले, की पंधरा दिवस येथे येण्याची कृपा कराल का? बर्नादेतला फ्रेंच धड येत नसे. म्हणून प्रश्न तिच्या गावच्या बोलीत आला. आणि त्यातले क्रियापद ‘तू’चे नसून आदराचे होते. बर्नादेत एका कफल्लक झालेल्या गिरणीवाल्याची मुलगी. जुन्या तुरुंगाच्या एका खोलीत ते कुटुंब राहत असे. तिला कोणीही आज्ञाच केली असती. येथे मात्र तिचा होकार विचारला गेला.

फ्रान्सला जाण्याचा योग सर्वांस येणार नाही. परंतु पहाटेच्या मिस्सेसाठी आईला ‘पाचाला उठव’ म्हणण्याऐवजी ‘पाचाला उठवशील का?’ असे आज रात्रीच म्हणता येईल. दोहोंत अंतर एका शब्दाचे आहे. आणि त्या एका शब्दात ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक तिला मिळते.