सिडनीच्या बंदरात पहिले बारा दिवस

लहान मुलांना घेऊन आपण परक्या देशी उतरता, तेव्हा सामान दोन दिवसांत लागते; मुलांच्या झोपेला आणि भुकेला मात्र नव्या घरी यायला आठवडा लागतो. तो आठवडा कसा काढावा, एवढ्याचपुरते हे लेखन आहे.

यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही जानेवारीत पुण्याहून सिडनीला राहावयास आलो. थोरली दहा वर्षांची, धाकटा पाचाचा. तेथे शाळेचे नवे वर्ष जानेवारीच्या अखेरीस वा फेब्रुवारीच्या आरंभी सुरू होते. आमच्या हाती बारा दिवस होते. थोरली विमानतळावरच रमली. धाकटा मात्र घराबाहेर एक शब्द बोलेना. घरात कुजबुजे, दाराबाहेर पाऊल पडले की माझी ओढणी मुठीत धरून मुका. रात्री अडीचपर्यंत टक्क जागा, ताटात वाढलेले तसेच. हे मूल बारा दिवसांनी वर्गात कसे बसणार, या विवंचनेत आम्ही दोघे होतो.

यजमानांनी प्रेक्षणीय स्थळांची भलीमोठी यादी केली होती. ऑपेरा हाऊस, तारोंगा प्राणिसंग्रहालय, बाँडायचा किनारा, सारे काही. ती मी फ्रीजवर चिकटवून ठेवली आणि दिवसाकाठी एकच गोष्ट करावयाची, असे ठरवून टाकले.

आधी झोपेचा हिशेब पाहा. उन्हाळ्यात सिडनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते. आपल्याकडची रात्रीची नऊची झोप तेथे अडीचला येते. मूल हट्टी झालेले नसते, त्याची रात्रच अजून झालेली नसते. पूर्वेकडचा प्रवास जड जातो, कारण शरीराला उशिरा झोपण्यापेक्षा लवकर झोपणे अवघड. साधारणतः दिवसाला तासाभराने घड्याळ सरकते. त्याला मदत करतो तो उजेड, परंतु योग्य वेळचा. सिडनीत सकाळचे सात म्हणजे मुलाच्या शरीराला मध्यरात्रीचा दीड. तेव्हाचा लख्ख उजेड झोप उलट आणखी मागे ढकलतो. म्हणून पहिले दोन दिवस आम्ही अकरापूर्वी बाहेर पडलो नाही, नंतर ती वेळ रोज थोडी अलीकडे आणली. सायंकाळी दिवे मंद, दुपारची डुलकी अर्ध्या तासाची. सहाव्या रात्री धाकटा साडेनऊला झोपला.

पण अकराचे तिथले ऊन! जानेवारी हा त्यांचा भर उन्हाळा, आणि त्याच महिन्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत निकट असते. अतिनील किरणांचा निर्देशांक तीन झाला की अंग झाका, असे तेथे सांगतात. भर दुपारी तो अकराच्याही वर जातो. आपली त्वचा सावळी, आपल्याला काय होते, या भ्रमात राहू नये. सावळा रंग काही प्रमाणात राखतो, परंतु त्वचा भाजायची ती भाजतेच, आणि डोळ्यांना तर तेवढेही संरक्षण नाही. रुंद काठाची टोपी, लांब बाह्या, दर दोन तासांनी सनस्क्रीन. कित्येक शाळांत टोपी नसलेल्या मुलाला मैदानात खेळू देत नाहीत. आम्ही टोपीची सवय आधीच लावून घेतली.

ऊन नको पण उजेड हवा, हे कोडे झाडाखाली सुटते. घनदाट सावलीतला उजेडही खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी प्रखर असतो. १८१६ साली स्थापन झालेली रॉयल बोटॅनिक गार्डन अगदी बंदराच्या काठाशी आहे. तेथे मोरेटन बे अंजिराचे अवाढव्य वृक्ष आहेत, आपल्या वडाच्याच कुळातले. मुळे भिंतींसारखी वर आलेली. त्या मुळांच्या कोनाड्यात धाकटा तासभर बसून राहिला. समोरचा १९३२ सालचा लोखंडी पूल त्याला कपड्यांच्या हँगरसारखा दिसला, असे त्याने रात्री घरी सांगितले. तेथील लोकही त्या पुलाला तेच नाव देतात!

त्यानंतर फेरीबोट. सर्क्युलर कीच्या धक्क्यावरून मॅन्लीची बोट सुटते. अर्ध्या तासाचा प्रवास. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच ज्यांनी घेतली आहे, त्यांना तो वारा ओळखीचा वाटेल. वाटेत बंदराचे मुख येते. उत्तर आणि दक्षिण भूशिरांमधून खुल्या महासागराची लाट आत शिरते आणि बोट डोलू लागते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना बोट लागण्याचा संभव अधिक, कारण कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा एक सांगते आणि डोळे दुसरेच. मुलांना बोटीच्या मध्यभागी बसवा, क्षितिजाकडे पाहावयास सांगा, हाती मोबाइल वा पुस्तक देऊ नका. पोट अगदी रिकामेही नको. आम्ही गुरगुट्या भात चारून निघत असू.

तीच बोट आम्ही तीन दिवस ओळीने घेतली. यजमानांना ते नवल वाटले. पैसे भरून तेच ते काय पाहायचे? माझे मत निराळे आहे. परक्या जागी मुलाला नवलाईपेक्षा अधिक गरज असते ती पुढे काय येणार हे ठाऊक असण्याची. तिसऱ्या दिवशी भूशिरे दिसताच धाकट्याने शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईंना मराठीत बजावले, "आजी, आता हलणार हं." बोट हलली. बाईंनी दांडा पकडला आणि इंग्रजीत काहीतरी विचारले. तो पुन्हा तेच म्हणाला, या वेळी हाताने लाट करून दाखवीत. थोरलीने दुभाषाचे काम केले.

शाळेत तो पुढे तीन आठवडे गप्पच होता. शिक्षिकांना त्याचे काही वाटले नाही. नवी भाषा कानी पडणारी मुले आरंभी बहुधा ऐकून घेतात, बोलत नाहीत. शाळेत रुळायला पहिला महिना द्यावा. त्यानंतरही मूल तेथे अबोलच राहिले, किंवा घरीही बोलेनासे झाले, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. आमच्यावर ती वेळ आली नाही. चौथ्या आठवड्यात त्याने वर्गात पाणी मागितले.

तारोंगाचे प्राणिसंग्रहालय आम्ही मार्चमध्ये पाहिले.