पार्किंग नंबर बारा

टेस्ट ड्राइव्ह घ्यायची तर शोरूममागच्या गल्लीत नाही, रोजच्या वाटेवर, असं ठरवलंच होतं. म्हणून कोथरूड ते हिंजवडी. चांदणी चौकाचा चढ इलेक्ट्रिक एसयूव्हीने अगदी गुपचूप घेतला. पुढे बावधनच्या उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय नुसता उचलला, तर वेग कमी झाला आणि थोडी वीज बॅटरीत परत! पेट्रोलची गाडी उतारावर काही परत देत नाही.

घरी येऊन हिशोब मांडला. जाऊन-येऊन ४० किलोमीटर, म्हणजे साधारण ६ युनिट. १५ अँपिअरच्या प्लगवर दोन तासांचं काम. २०२४ मध्ये आलेल्या पंच ईव्हीसारखी २५ किलोवॉट-तासांची छोटी बॅटरीही आठवड्यातून दोनदा चार्ज केली की झालं. मग मोठ्या बॅटरीचे जास्तीचे पैसे कशाला? वर्षातून दोनदा गावी जायला? नवरा म्हणाला, हो. मी म्हटलं, तेव्हा एसटी आहे ना!

खरी अडचण आहे पार्किंग नंबर बारा. आमच्या मीटरपासून तिथपर्यंत ४० मीटर. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको, स्वतंत्र लाइन आणि नीट अर्थिंग हवं, असं इलेक्ट्रिशियनने बजावलंय. ती केबल तीन शेजाऱ्यांच्या डोक्यावरून जाणार. सेक्रेटरी काका म्हणाले, “मीटिंगमध्ये विषय घेऊ.” मीटिंग पुढच्या महिन्यात. बुकिंगचा चेक अजून ड्रॉवरमध्येच आहे.