लांडग्याच्या मागावर

वुपरटालची नदीवर लोंबकळत धावणारी गाडी फोविंकेलला सोडली आणि ट्रॉलीबस पकडली. मुंबईतून कधीच हद्दपार झालेलं हे वाहन जर्मनीतल्या झोलिंगेनमध्ये अजून दिमाखात चालतं. ग्रेफ्राथला उतरलो. काळ्या पाटीच्या दगडाने मढवलेल्या भिंती, पांढऱ्या चौकटी, हिरवी झडपं. आणि जुन्या मठात पात्यांचं संग्रहालय.

इथवर ओढून आणलं ते नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या तलवारीने. २०२५ साली महाराष्ट्र सरकारने ती लिलावात विकत घेऊन परत आणली. तिच्या पाठीवर सोन्याने देवनागरी लेख आहे, पातं मात्र युरोपातलं. आपल्या सरदारांकडे अशी बरीच पाती जहाजातून यायची, मूठ आपल्याकडे चढायची. पाती घडवणाऱ्या युरोपातल्या गावांत झोलिंगेनचं नाव मोठं.

इथल्या पात्यांवर खूण म्हणून कोरत तो लांडगा मला पाहायचा होता. काचेमागे दिसला: छिन्नीचे मोजके घाव, त्यांत ठोकून बसवलेलं पितळ. पाय कुठले, शेपूट कुठली, काही कळेना. पाटी नसती तर मी डुक्कर म्हणून पुढे गेलो असतो. मुळात हा लांडगा इथला नव्हेच. तो डॅन्यूबकाठच्या पासाऊ शहराचा. तिथल्या कारागिरांना १३४० मध्ये ऑस्ट्रियाच्या ड्यूकने ही खूण बहाल केली, अशी परंपरा सांगतात. पासाऊच्या पात्यांना भाव होता, म्हणून झोलिंगेनच्या लोहारांनी लांडगा सरळ उचलला. सैनिकांनाही तो हवाच असे. लांडगा अंगाशी असला की जखम होत नाही, ही त्यांची श्रद्धा. तीस वर्षांच्या युद्धात असल्या तोडग्यांना पासाऊची विद्याच म्हणत. लांडग्याशेजारी पुष्कळदा १४१४ हा आकडा असतो. साल समजून माणूस हुरळतो. पण सतराव्या शतकातल्या पात्यांवरही तोच. ताईतच तो.

कारागिरांच्या स्वतःच्या खुणा वेगळ्या: वुंडेस घराण्याचं राजाचं मस्तक, क्लेमेन्स हॉर्नचा एकशिंगी घोडा. त्या वाचताना जरा हायसं वाटतं, कारागीर तरी कळतो. उलट जेनोआच्या पात्यांवरचे समोरासमोरचे दातेरी विळे पाहा. ते स्टायरियात उतरवले गेले, कॉकेशसमध्ये आणि आपल्याकडेही. नुसत्या विळ्यावरून पात्याचं गाव छातीठोकपणे सांगणाऱ्या संग्राहकांवर माझा तरी विश्वास नाही. गिऱ्हाइकाला काय हवं होतं, एवढं मात्र विळा नक्की सांगतो.

आणखी एक गोष्ट खटकली. पात्याला पाणी देणारे आणि धार लावणारे यांचा इथे १४०१ पासून स्वतंत्र संघ होता. वुपर नदीकाठी पाणचक्कीवर चालणारी त्यांची धारघरं आजही दाखवतात. पात्यावर दिसते ती खूण मात्र लोहाराची.

निघताना स्वयंपाकाच्या सुऱ्या पाहिल्या. प्रत्येकीवर ‘झोलिंगेन’. हे नाव १९३८ पासून कायद्याने राखीव आहे, बाहेरच्या कुणी वापरायचं नाही. पासाऊकरांना तेव्हा असा कायदा मिळाला नव्हता.