विभाजक न सापडताही

4294967297. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. 2 चा 32 वा घात घ्यायचा, त्यात 1 मिळवायचा, की ही संख्या तयार. संख्या सिद्धांत मी नुकताच शिकायला घेतला आहे, आणि या एका संख्येपाशीच माझं पाऊल अडलं आहे.

फ्रान्समधल्या पिएर द फर्माने सतराव्या शतकात एक ओळ मांडली होती: 3, 5, 17, 257, 65537. 2 चे पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा हे घात आणि प्रत्येकात 1. पाचही मूळ संख्या. पुढच्याही मूळच निघणार, असं त्याला मनापासून वाटत होतं. 1732 साली गणितज्ञ ऑयलरने दाखवलं, की लगेच पुढचीच, म्हणजे माझी ही संख्या, 641 गुणिले 6700417 आहे.

641 खरं का, ते मी बाक्या काढून पाहिलं. सोळावा घात 65536. त्याला 641 ने भागलं, बाकी 154. 154 चा वर्ग 23716, आणि 641 ची 37 पट 23717. फक्त एकाने कमी! म्हणजे 32 व्या घातात 1 मिळवला की भाग पुरता जातो. एवढी मोठी संख्या पूर्ण लिहावीसुद्धा लागली नाही. त्या रात्री मी किती वेळ नुसता वहीकडे बघत होतो.

पण खरा गोंधळ पुढे झाला. 4 ने भागून 1 बाकी उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, आणि तीही एकाच प्रकारे. आपली संख्या म्हणजे 65536 चा वर्ग अधिक 1 चा वर्ग, हे उघड आहे. पण ती 62264 चा वर्ग अधिक 20449 चा वर्गही आहे! मी बेरीज केली: 3876805696 आणि 418161601. जुळली. (20449 हा स्वतः 143 चा वर्ग, हे मला त्यातच दिसलं, आणि उगाच आनंद झाला.) दोन प्रकारे मांडता आली, म्हणजे ती मूळ नाही. 641 चं नावही न घेता निकाल लागला. कशाने भाग जातो याचा पत्ता नाही, पण जातो हे पक्कं. असं ज्ञान असू शकतं, हे मला अजून पचलेलं नाही. आणि वर्गांच्या बेरजेचा नियम फर्मानेच 1640 साली मर्सेन या गणितज्ञाला पत्रातून कळवला होता! हत्यार त्याच्याच घरात होतं. मला याचं फार वाईट वाटतं.

याच ओळीत बरीच पुढे 2 चा 1048576 वा घात अधिक 1 ही संख्या आहे, 315653 अंकांची. ती मूळ नाही हे 1988 साली एका वेगळ्या कसोटीने सिद्ध झालं, तेव्हा तिचा एकही विभाजक कुणाच्या हाती नव्हता. आता मला ती कसोटी शिकायची आहे.