बांधावरचा शेप्या

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात. मे महिन्यात कुठल्याही रस्त्याला लागा, गाड्यावर केसरच. "गिरचा का?" असं विचारलं, तर गाडेवाल्याला ते लागलंच. "इथलाच हाय साहेब, मराठवाडा केसर. खोक्यावर वाचा की!"

वाण जुनागढचा, हे मात्र खरं. गिर केसरला भौगोलिक मानांकन मिळालं 2011 साली आणि मराठवाडा केसरला 2016 साली. मानांकन नुसत्या जातीला नसतं, त्या मुलखात फळाला येणाऱ्या गुणाला असतं. हापूसला छळणारा साका, म्हणजे गर आतून बिघडण्याचा विकार, केसरला सहसा होत नाही, म्हणूनही इथल्या बागायतदाराचा जीव त्याच्यावर.

चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडकडे निघालो. वाटेत ठिबकवरच्या बुटक्या कलमांच्या रांगा, मग पेरणीची वाट बघणारी काळी रानं, आणि क्वचित बांधावर एखादं थोराड आंब्याचं झाड. लोह्याच्या अलीकडे अशाच एका झाडाखाली एक आजी पाड वेचत होत्या.

"काय बघायलात?"

"आजी, हा कोणता आंबा?"

"शेप्या. वास घ्या की! वढ्याकडंचा त्यो गोटी. खोबऱ्या बी व्हता, पण त्यो तोडला लेकीच्या लग्नात."

शेप्याला खरंच बडीशेपेचा वास होता. रस पातळ, रेषा दातांत अडकणाऱ्या, आणि गोडीच्या मागून येणारी आंबट कळ. केसर कापून खायचा, हा चोखायचा. मनगटापर्यंत ओघळ आल्याशिवाय खाल्ल्यासारखं वाटतच नाही. मला विचाराल तर केसरपेक्षा हाच उजवा, पण ही आवड लहानपणी लागलेली, तेव्हा माझी साक्ष धरू नका.

कोयीपासून वाढलेलं झाड आईवर जाईलच असं नाही. म्हणून दर झाडाची चव निराळी आणि नाव त्या शिवारापुरतं. मानांकनाला उत्पादकांची संस्था, ठरलेला गुण, नकाशा, जुने पुरावे असं सगळं लागतं. एकट्या झाडाचा अर्ज कोण करणार? निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला मात्र 2024 साली मानांकन मिळालं. एखाद्या गावानं आपली आमराई तोडली नसती, तर आंब्यालाही हे जमलं असतं, असं वाटून गेलं.

नांदेडच्या बाजारात तेलंगणाकडून आलेल्या बदाम आंब्याचे ढीग होते. गावरान आहे का, म्हणून एका बाईंना विचारलं.

"लोणच्याला का? मग पाऊस पडल्यावर या."

"नाही, खायला."

त्यांनी बदामाची पाटी पुढं सरकवली.