वेताळाने न घेतलेले नाव

अलीकडे आमच्या वर्गातली काही मुले इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांचे जाडजूड खंड बाळगून असतात. एका खंडाला दुसरा जोडलेला, शेकडो पात्रे, कल्पित राज्ये, शाप, युद्धे. आणि आवडते पात्र मेले की दोन दिवस उदास राहणारे वाचक. मराठीच्या तासाला हे खंड बाकाखाली जातात. आम्हाला त्याचा राग येत नाही. उलट सांगावेसे वाटते, की बाबांनो, अशाच एका अफाट कथामालेचा धागा आपल्या वाशीमच्या नावापाशी येऊन पोचतो.

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचे लग्न याच नगरात लावून दिले आहे, हे साहित्यशास्त्राचे विद्यार्थी जाणतातच. कामसूत्रावरील 'जयमंगला' टीका सांगते, की वत्स आणि गुल्म या दोन सख्ख्या भावांवरून या प्रदेशाला हे नाव पडले. इकडे 'कथासरित्सागरा'त 'बृहत्कथे'चा कर्ता गुणाढ्य याच्या मामांची नावे आहेत वत्स आणि गुल्मक! तेव्हापासून आम्ही गुणाढ्याला थट्टेने आमच्या गावचा भाचा म्हणतो.

हा भाचा पोरका आहे. शापाची मुदत सरताच दोन्ही मामा आणि आई निघून जातात, आणि हे पोर शोक बाजूला सारून विद्येसाठी दक्षिणेची वाट धरते. त्याच्या दुःखाला कथेत एवढीच जागा. पुढे सातवाहन राजाला सहा महिन्यांत संस्कृत शिकवण्याच्या पैजेत तो हरतो आणि संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडतो. उरते पिशाचांची भाषा. तीत तो सात वर्षांत सात लक्ष श्लोक रचतो. रानात शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहितो. राजा ते नाकारतो. मग गुणाढ्य अग्निकुंड पेटवतो, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि जाळतो. हरणे, रानडुकरे चरणे विसरून भोवती उभी राहतात, रडत ऐकतात. राजाला हे कळून तो धावत येईपर्यंत सहा लक्ष श्लोकांची राख झालेली असते. एक लक्ष तेवढे वाचतात. का? तर गुणदेव आणि नंदिदेव या दोन शिष्यांना नरवाहनदत्ताची कथा फार आवडत होती, म्हणून.

'बृहत्कथा' मूळ रूपात आज नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने तिच्यातून अठरा लंबक आणि एकशे चोवीस तरंगांचा 'कथासरित्सागर' सिद्ध केला, तो अनंत राजाची राणी सूर्यमती हिचे मन रमावे म्हणून. पुढचे 'राजतरंगिणी'त वाचावे. मुलाशी, कलशाशी, वैर विकोपाला जाऊन 1081 मध्ये अनंताने आत्मघात केला आणि सूर्यमतीने चितेत उडी घेतली. एवढा कथांचा सागर. पण जिच्यासाठी भरला तिलाही तो वाचवू शकला नाही.

याच ग्रंथाच्या बाराव्या लंबकात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. त्यांतली वीरवराची कथा आम्ही वीस वर्षे शिकवत आलो आहोत. शोभावतीचा राजा शूद्रक तिसऱ्या दिवशी मरणार, आणि सेवक वीरवराने आपला मुलगा चंडीला अर्पण केला तरच तो वाचणार. मुलगा सत्त्ववर आनंदाने मान पुढे करतो. ते शिर पोटाशी धरून धाकटी बहीण वीरवती आकांत करते आणि काळीज फुटून मरते. आई धर्मवती दोन्ही लेकरांसह चितेत शिरते. वीरवर स्वतःचे शिर उतरवतो. आडून पाहणारा राजाही तलवार उपसतो; तेवढ्यात देवी प्रसन्न होते आणि सगळे जिवंत होतात. वेताळ विचारतो, या सर्वांत श्रेष्ठ कोण? उत्तर येते, शूद्रक. कारण राजा असून तो सेवकासाठी मरायला निघाला. वेताळ हटकतो : वीरवर का नाही? त्याची बायको का नाही? मुलगा का नाही?

दोन वर्षांपूर्वी इथवर आलो असता मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आणि वीरवतीचं काय?"

आम्ही पुस्तकात पाहिले. वेताळाच्या यादीत ती नव्हती. तिने कोणाला काही अर्पण केले नव्हते, तिच्याकडे कोणी काही मागितलेही नव्हते. तिला फक्त दुःख झाले होते. त्यागाच्या हिशेबात नुसते दुःख धरत नाहीत. "पुढच्या तासाला बोलू," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

ती वेळ मारून का नेली, तेही सांगितले पाहिजे. त्याआधी तीनच महिन्यांपूर्वी आमचे वडील गेले होते. रिसोड तालुक्यातल्या घरी पक्षाघाताने सहा वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. आईने वाशीमच्या बालाजीला नवस केला होता. तो फळला नाही, तरी तिने तो फेडला. "देवाशी सौदा नव्हता केला," म्हणाली. आईच्या श्रद्धेपुढे आम्ही तेव्हाही निरुत्तर झालो होतो. तेरवीच्या दिवशी जमलेल्यांनी वडिलांची सचोटी सांगितली, आईची व्रते सांगितली, आणि नोकरी सांभाळून दर रविवारी गावी येणाऱ्या, दवाखान्याचा खर्च उचलणाऱ्या थोरल्या मुलाला श्रावणबाळ म्हटले. आम्ही मान खाली घालून ते ऐकले. नाकारले नाही.

त्याच घरात शिक्षण अर्धवट सोडून सहा वर्षे वडिलांचे सगळे करणारी आमची धाकटी बहीण त्या वेळी आत पंगतीची पाने मांडत होती. तिचे नाव कोणी घेतले नाही. आम्हीही नाही. शूद्रकाने तलवार उपसली होती खरी, पण ती मानेवर पडली नाही. श्रेय मात्र त्यालाच मिळाले. आमचे याहून वेगळे काय होते?

त्या शनिवारी आम्ही गावी गेलो. रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर बसून बहिणीला म्हटले, बाबांच्या शेवटच्या दिवसांचे सांग. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, मले कोणी इचारलंच नाही नं आजपर्यंत."

आणि ती बोलू लागली. वाचा गेलेल्या वडिलांचे नुसते हुंकार ती कशी ओळखू लागली, रात्री तीनला ते कोणते जुने गाणे गुणगुणायला बघत, शेवटच्या महिन्यात ते तिला आपली आई समजून हाक मारू पाहत. हे सगळे त्या घरात घडले आणि आम्हाला ठाऊक नव्हते. रविवारच्या चार तासांत ते दिसण्यासारखे नव्हते. ती सांगत राहिली, मध्येच रडली, पुन्हा सांगू लागली. आई आतून येऊन दाराशी बसली. दोन वाजून गेले तेव्हा कुठे उठलो.

देवीने कोणाला परत दिले नाही. कथेतल्यासारखा शेवट आमच्या वाट्याला आला नाही, येणारही नव्हता. पण गुणाढ्याचा एक लक्ष भाग आगीतून वाचला तो राजामुळे नव्हे, ज्यांना तो ऐकायचा होता अशा दोघांमुळे, हे त्या रात्री आम्हाला नव्याने समजले. आमच्या बहिणीचे किती लक्ष श्लोक तोवर जळून गेले असतील, ते मोजण्याची आमची हिंमत नाही.

पुढच्या तासाला त्या विद्यार्थिनीला आम्ही म्हणालो, "वेताळ चुकला, बाई. आम्हीही चुकलो." तिने ते वहीत लिहून घेतले.