जयगडच्या खाडीवर नवे आटे

रत्नागिरीहून उत्तरेला किनाऱ्याने निघालं की आरे-वारे ओलांडेपर्यंत कोणी घाई करत नाही. डाव्या हाताला समुद्र असतो, उजव्या हाताला सुरूची झाडं आणि जांभ्याचा चढ. दिवाळी नुकतीच सरली होती, सड्यावरचं गवत पिवळं पडू लागलं होतं. नेवरे, भंडारपुळे, गणपतीपुळे करत मी केशवसुतांच्या मालगुंडात स्मारकाशी जरा वेळ थांबलो आणि वरवड्याचा पूल ओलांडून सड्यावर चढलो. बेत साधा होता. जयगडचा किल्ला पाहायचा, फेरीबोटीने शास्त्रीची खाडी ओलांडून तवसाळला उतरायचं आणि हेदवी, वेळणेश्वर करत गुहागर गाठायचं.

सड्यावर रस्ता उखडलेला होता. खड्ड्यांतून जाताना गुडघ्यांमध्ये धरलेली पेट्रोलची टाकी मागच्या बाजूने उचलते आहे असं वाटलं आणि मागोमाग पेट्रोलचा वास आला. गाडी बाजूला घेतली, सीट काढली. टाकीचा मागचा कान चेसिसला धरून ठेवणारा बोल्ट पान्याने नुसता फिरत होता, आवळत नव्हता. बोल्ट बाहेर काढला तर त्याच्या खाचांत लोखंडाचा चुरा भरलेला. आटे गेले होते.

टाकीचा बोल्ट ढिला होणं वरवर किरकोळ दिसतं. पण टाकी पुढे रबरांवर टेकलेली असते आणि मागे या एकाच बोल्टवर. तो सुटला की प्रत्येक धक्क्याला टाकी सरकते, आणि टाकीबरोबर पेट्रोलची नळी ओढली जाते. नळी कॉकपाशी ओलसर झाली होती. तिच्या खालीच तापलेलं इंजिन. कॉक बंद केला, नळी घट्ट बसवली, जवळच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून टाकी चेसिसला करकचून बांधली आणि अगदी हळू जयगड गाठलं.

जयगडच्या जेट्टीवर दुचाकीच्या गॅरेजची चौकशी केली, तर जाळं दुरुस्त करणाऱ्या एकाने उलट विचारलं, "बोल्टचंच काम आहे ना? मग होडीच्या मिस्त्रीकडे जा." बोट दाखवलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी घोडीवर होड्यांची आउटबोर्ड इंजिनं उभी टांगलेली होती. मिस्त्री साठीच्या घरातले. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, म्हणून मीही तेच म्हटलं.

चाचांनी आधी टाकी उतरवायला लावली. आतलं पेट्रोल कॅनमध्ये काढलं आणि टाकी व कॅन दोन्ही शेडबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला लांब नेऊन ठेवले. "पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीवरून सरकत येते. ड्रिलची एक ठिणगी पुरते," ते म्हणाले. गाडी शेडच्या दुसऱ्या टोकाला ढकलली, तेव्हा कुठे त्यांनी बोल्टकडे पाहिलं.

त्यांनी खिशातून पिच गेज काढला. दातेरी पात्यांचा जुडगा असतो तो. पातं आट्यांवर टेकवायचं आणि मधून उजेड दिसतो का ते पाहायचं. माझ्या बोल्टवर एक मिलिमीटरचं पातं बसेना. मग त्यांनी इंचातलं पातं लावलं, तर ते चपखल बसलं. "हा दोन सुताचा बोल्ट आहे, भाऊ. तुमचं भोक सहा मिलिमीटरचं. कोणीतरी हाताला आला तो बोल्ट पान्याने ठोकून घातलाय."

आमच्याकडे फिटर अजूनही इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत धरतात. दोन सूत म्हणजे पाव इंच, 6.35 मिलिमीटर. शेजारी ठेवले तर सहा मिलिमीटरचा आणि दोन सुताचा बोल्ट नजरेला सारखेच दिसतात. पण पहिल्याच्या दोन आट्यांत एक मिलिमीटर अंतर, तर दुसऱ्यावर इंचात वीस आटे, म्हणजे सुमारे 1.27 मिलिमीटर अंतर. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये आट्यांचं प्रमाण ठरवलं तेव्हा त्यांचा कोन 55 अंश ठेवला. मेट्रिक आट्यांचा कोन 60 अंश. दोन्ही पद्धतींचे बोल्ट आपल्या गॅरेजांतून एकाच डब्यात पडलेले असतात. चुकीचा बोल्ट एक-दोन फेरे आत जातो आणि अडतो. त्याच वेळी थांबून मागे फिरवला तर वाचतो. जोर लावला तर तो आतले आटे कापत जातो आणि उरलेलं काम गाडीची थरथर करते.

मला वाटलं होतं, भोक मोठं करून आठचे आटे पाडले की झालं. चाचांनी टाकीच्या कानातलं रबर काढून दाखवलं. रबराच्या आत पोलादाची छोटी बुश होती. बोल्ट आवळला की दाब या बुशवर यायला हवा, रबर मोकळं राहायला हवं. तरच टाकीला हादरे कमी पोचतात. त्या बुशमधून सहाचाच बोल्ट जातो. आठचा बोल्ट घ्यायचा तर बुश काढावी लागेल, मग सगळा दाब रबरावर येईल, रबर चेपेल आणि बोल्ट पुन्हा ढिला होईल. नवा नट वेल्ड करायचा तर चेसिसचा रंग जळणार, आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला इथली खारी हवा लगेच धरणार.

"आपण आत स्प्रिंग घालू," चाचा म्हणाले आणि त्यांनी कप्प्यातून हेलिकॉइलचा डबा काढला. होडीच्या मिस्त्रीकडे तो का होता, हे समोरची इंजिनंच सांगत होती. आउटबोर्डचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट बहुतेक स्टेनलेसचे. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं, त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते आणि बोल्ट तिथेच घट्ट बसतो. जोर लावून काढला की आटे सोबत घेऊन येतो. त्यामुळे गेलेले आटे पुन्हा उभे करणं हे इथलं रोजचं काम.

काम मी अगदी जवळून पाहिलं. आधी 6.3 मिलिमीटरच्या ड्रिलने जुने फाटके आटे साफ केले. ड्रिल सरळ राहावं म्हणून दोन्ही बाजूंनी गुण्या लावून पाहिला. मग खास स्प्रिंगसाठीचा टॅप हँडलमध्ये धरला, तेलाचा थेंब सोडला आणि दोन बोटांच्या जोराने फिरवायला सुरुवात केली. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे घेतला की कापलेला कीस तुटतो; नाहीतर तो खाचेत साचतो आणि टॅप भोकातच मोडतो. टॅप फार कडक पोलादाचा, त्यामुळे आत मोडला तर साध्या ड्रिलने निघत नाही. चाचांचे डोळे कामावर नव्हतेच, ते खाडीकडे बघत होते. टॅप जड झाला की मनगट आपोआप थांबायचं, मागे यायचं, पुन्हा पुढे जायचं.

नंतर स्प्रिंग. स्टेनलेसच्या तारेची ही वेटोळी. तारेचा काप चौकटच्या आकाराचा, त्यामुळे बाहेरची धार टॅपने पाडलेल्या खाचेत बसते आणि आतली धार बोल्टसाठी नवा आटा होते. मोकळी असताना ती भोकापेक्षा किंचित मोठी असते. हत्याराने पिळून आत सोडली की सैल होऊन भिंतीला घट्ट धरते. तोंडापासून जवळपास अर्धा फेरा आत गेल्यावर चाचा थांबले, खालचं आडवं शेपूट पंचने टिचकी मारून तोडलं आणि तो तुकडा लोहचुंबक लावून शोधू लागले. मग स्वतःच म्हणाले, "स्टेनलेस आहे, चुंबकाला धड येणार नाही," आणि चिमट्याने उचलला. तुकडा हातात आल्याशिवाय त्यांनी पुढचं काम केलं नाही.

नवा सहाचा बोल्ट, आट्यांना ग्रीस, खाली वायसर. बोल्ट शेवटपर्यंत बोटांनीच गेला. पान्याने फक्त अखेरचं आवळणं. एवढ्या बोल्टला किती जोर पुरतो, तर एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला एक किलो वजन टांगावं तेवढा. हातभर पाना घेऊन त्यावर अंग टाकणाऱ्याच्या हातून तो मरतोच.

दुपार कलल्यावर किल्ल्यात गेलो. विजापूरकरांच्या काळातला हा कोट पुढे संगमेश्वरच्या नाईकांकडे, मग आंग्र्यांकडे आला आणि 1818 मध्ये इंग्रजांनी घेतला. जांभ्याचा भक्कम तट, जमिनीच्या बाजूला खंदक, आत गणपतीचं देऊळ. बुरुजावरून शास्त्रीचं मुख पूर्ण दिसतं. पलीकडे तवसाळच्या बाजूला विजयगडाचे अवशेष, अलीकडे 300 मेगावॉटचे चार संच असलेल्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी, आणि मधल्या पाण्यात परतणाऱ्या होड्या.

त्या होड्यांकडे पाहताना चाचांच्या कामाचा कस कळला. रस्त्यावर बोल्ट सुटला तर मी गाडी बाजूला घेऊ शकतो, ट्यूबची पट्टी बांधू शकतो. खाडीच्या तोंडापलीकडे इंजिन बंद पडलं तर बाजू नसते. म्हणून इथे "चालून जाईल" असं काम करणाऱ्याकडे कोणी दुसऱ्यांदा इंजिन आणत नाही. किल्ला, देऊळ, दीपगृह पाहायला जयगडला लोक येतात. पण या किनाऱ्यावर शिकलं गेलेलं लोखंडाचं ज्ञानही तितकंच पाहण्यासारखं आहे, आणि ते अजून कामावर आहे.

संध्याकाळच्या फेरीत गाडी बोटीवर चढवली. तवसाळला उतरून हेदवीच्या चढापाशी थांबलो, सीट काढून बोल्ट बोटाने चाचपला. जागचा हलला नव्हता. नळी कोरडी होती. तिथून गुहागरपर्यंत मी रस्त्याकडे बघत गेलो, टाकीकडे नाही.